सड्यावरचं सभागृह: मोपा विमानतळालगतच्या एका हॉटेल प्रस्तावाचा प्रकरण अभ्यास

जुलै 2025. उत्तर गोव्यातल्या पेडणे तालुक्यात, वारखंडच्या बाजूने मोपाच्या सड्यावर, म्हणजे जांभ्याच्या पठारावर, चढलो तेव्हा सर नुकतीच ओसरली होती. जांभ्या दगडावर पावलं बुडतील एवढं पाणी साचलं होतं आणि मिळेल त्या फटीतून ते कडेकडे धावत होतं. आमच्यातल्या सगळ्यात वयस्कर गृहस्थांना घरचे आप्पा म्हणतात. त्यांनी छत्रीचं टोक दगडावर आपटलं. टक्क असा कोरडा आवाज आला. "उदक वयर आसा, सकयल ना," ते म्हणाले. पाणी वर आहे, खाली नाही. त्यांचं आजोळ याच सड्याच्या पायथ्याशी. वरचं पाणी खाली जाऊन झरी होते, त्या झरीवर सुपारी-नारळाचं कुळागर जगतं आणि माथ्यावर मात्र डिसेंबरनंतर घोटभर पाणी मिळत नाही, हे त्यांनी लहानपणी पाहिलेलं. आमच्या हातात त्या वेळी 300 खोल्यांच्या हॉटेलाचा आराखडा होता. त्यात पाण्याविषयी एक ओळ होती: 'पुरवठा उपलब्ध'.

पुढचे तीन महिने आम्ही जे काम केलं ते या एका ओळीपासून सुरू झालं.

आप्पा आणि त्यांचे दोन पुतणे म्हापशात तीस वर्षांहून जास्त काळ मंगल कार्यालय चालवतात. कांदोळीला त्यांचं एक लहान हॉटेलही आहे. पुण्यातले एक स्नेही भांडवल घालायला तयार झाले, तेव्हा मोपा विमानतळाच्या शहराकडच्या बाजूला, व्यावसायिक वापरासाठी राखलेल्या जमिनीत पोटभाडेपट्ट्याने तुकडा घ्यावा आणि हॉटेल नि परिषद केंद्र उभारावं असा विचार पुढे आला. पहिला आराखडा: 300 खोल्या, 3,000 खुर्च्यांचं सभागृह, मागे लग्नांसाठी लॉन. हॉटेल प्रकल्पांची व्यवहार्यता तपासणं हे माझं काम, म्हणून मला बोलावलं. कुटुंबाच्या संमतीने हे लिहितो आहे. नावं आणि तुकड्याची जागा देत नाही. वहीत मांडलेले आमचे हिशेब मात्र जसेच्या तसे देतो.

विमानतळ आला, सभागृह नाही

पुण्याच्या स्नेह्यांचा मुद्दा कच्चा नव्हता, हे आधी सांगतो. मोपाच्या मनोहर आंतरराष्ट्रीय विमानतळाचं उद्घाटन 11 डिसेंबर 2022 रोजी झालं आणि 5 जानेवारी 2023 पासून प्रवासी विमानं सुरू झाली. पहिल्या टप्प्याची क्षमता वर्षाला 44 लाख प्रवाशांची. पहिल्या पूर्ण आर्थिक वर्षातच आकडा 40 लाखांच्या पुढे गेला. गोव्याचा जुना विमानतळ दाबोळी हा नौदलाचा तळ, तिथे सकाळचे काही तास नागरी विमानांना मुभा नसते. मोपाला ती अडचण नाही. साडेतीन किलोमीटरची धावपट्टी चोवीस तास खुली. जुलै 2024 मध्ये राष्ट्रीय महामार्गापासून थेट विमानतळापर्यंत उन्नत जोडरस्ताही झाला.

आणि गोव्यात मोठं सभागृह खरोखरच नाही. 1983 साली राष्ट्रकुल प्रमुखांची विश्रांतीची बैठक आग्वादला झाली तेव्हापासून मोठी माणसं आली की किनाऱ्यावरचं एखादं पंचतारांकित हॉटेल पुढे येतं. 2016 ची ब्रिक्स परिषद दक्षिण गोव्यातल्या बाणावलीला, 2023 ची शांघाय सहकार्य संघटनेच्या परराष्ट्रमंत्र्यांची बैठकही बाणावलीला. फेब्रुवारी 2024 मध्ये भारत ऊर्जा सप्ताह भरला तो बेतुलला, ओएनजीसीच्या प्रशिक्षण संस्थेच्या आवारात, आणि त्यासाठी प्रचंड तात्पुरते मंडप उभारावे लागले. 2004 पासून इफ्फी हा आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव गोव्यात आहे, पण दोनापावलाचं नियोजित परिषद केंद्र वर्षानुवर्षं कागदावरच फिरतं. वैद्यकीय संघटनांची अधिवेशनं ताळगावच्या इनडोअर स्टेडियममध्ये किंवा हॉटेलांच्या बँक्वेटमध्ये कोंबून भरतात. अशा एका अधिवेशनात पोस्टर प्रदर्शन हॉटेलच्या वाहनतळात मांडलेलं मी पाहिलं आहे. पंखे लावले होते, तरी कागद दमटपणाने सुटून खाली पडत होते आणि एक तरुण डॉक्टरीणबाई दर पंधरा मिनिटांनी चिकटपट्टी लावत होत्या.

म्हणजे गरज आहे. प्रश्न होता तो ती कुणी, कुठे आणि केवढ्या मापाने भागवायची याचा.

तीन हजार खुर्च्यांचा हिशेब

हैदराबादच्या माधापूरचं आंतरराष्ट्रीय परिषद केंद्र 2006 पासून चालू आहे. तिथलं मुख्य सभागृह 6,480 चौरस मीटरचं, मध्ये एकही खांब नाही, आणि सरकत्या भिंतींनी त्याचे सहा भाग होतात. त्याला जोडलेल्या हॉटेलात खोल्या आहेत 287. एवढ्या सभागृहाला एवढ्या खोल्या कशा पुरतात, असं पुतण्याने विचारलं. पुरत नाहीतच. पण केंद्राभोवती अख्खं हायटेक सिटी उभं आहे, तिथल्या खोल्या केंद्राच्याच असल्यासारख्या वापरता येतात.

मोपाभोवती काय आहे? सडा, काजूच्या बागा आणि वारखंड, कासारवर्णे, चांदेल, उगवे ही गावं. म्हणून आम्ही वहीत असं मांडलं: 3,000 प्रतिनिधी, एका खोलीत दोघं. आपल्या 300 खोल्यांत 600 जण मावले. उरलेले 2,400 मोरजी, मांद्रे, हरमल, आश्वे अशा किनाऱ्याच्या हॉटेलांत. 45 आसनी बस धरली तर सकाळी 54 बसगाड्या, संध्याकाळी तेवढ्याच. पेडणे तालुक्यातल्या किनारी रस्त्यांवर समोरून एक डंपर आला की कुणीतरी एकाला गाडी मागे घ्यावी लागते. तिथे 54 बस. थोरल्या पुतण्याने पेन खाली ठेवलं आणि तो बराच वेळ काही बोलला नाही. लग्नाच्या वऱ्हाडाच्या सहा बस लावतानाची तारांबळ त्याने आयुष्यभर पाहिली आहे.

विमानतळावर आधी सभागृह की आधी खोल्या, याला एकच उत्तर नाही. कोचीच्या विमानतळ कंपनीचं प्रदर्शन केंद्र आधीपासून होतं, जोडीचं 111 खोल्यांचं ताज हॉटेल डिसेंबर 2024 मध्ये सुरू झालं. हैदराबादजवळ शमशाबादला 2008 मध्ये विमानतळ झाला त्याच वर्षी हॉटेल आलं. दिल्लीच्या विमानतळालगतच्या एरोसिटीत तर ओळीने हॉटेलं बांधून झाली, पण धावपट्टी जवळ म्हणून पोलिसांच्या सुरक्षा परवानगीसाठी त्यांना ताटकळावं लागलं. त्या काळात कर्जाचं व्याज कुणासाठी थांबलं नव्हतं. ही गोष्ट मी आप्पांना मुद्दाम दोनदा सांगितली.

डिसेंबरकडे बघून बांधू नका

माझा जो मुख्य आग्रह होता तो इथे मांडतो, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे. गोव्यातलं प्रत्येक हॉटेल डिसेंबर डोळ्यांपुढे ठेवून बांधलं जातं. नाताळ ते नववर्ष या दहा दिवसांत जेवढ्या खोल्या भरतील तेवढ्या बांधायच्या आणि जून ते सप्टेंबर कसेबसे काढायचे. किनाऱ्यावरच्या हॉटेलाला हे परवडतं, कारण डिसेंबरचा दर तिथे समुद्र मिळवून देतो. सड्यावरच्या हॉटेलातून समुद्र दिसत नाही. नाताळात आलेला पाहुणा विमानतळाच्या दाराशी का थांबेल? तो पहाटेचं विमान असेल तरच थांबेल, एक रात्र. म्हणून या जागेचा आराखडा जुलैकडे बघून झाला पाहिजे.

जुलैत गोव्यात काय असतं ते आम्ही एकेक करून लिहून काढलं. आषाढी एकादशीला चातुर्मास लागतो, लग्नांचे मुहूर्त तुळशीच्या लग्नापर्यंत थांबतात. म्हणजे मंगल कार्यालयवाल्यांचा धंदा बंद, हे आप्पांना कुणी शिकवायची गरज नव्हती. पण कंपन्यांचे विक्रेता मेळावे, औषध कंपन्यांची प्रशिक्षणं, डॉक्टर, हिशेबनीस आणि शिक्षकांच्या संघटनांची अधिवेशनं यांना मुहूर्त लागत नाही. त्यांना स्वस्त विमान तिकीट लागतं आणि ते पावसाळ्यातच मिळतं. प्रतिनिधी सकाळी उतरले, दहा मिनिटांत सभागृहात, दुसऱ्या दिवशी संध्याकाळी परत. बाणावलीला असं करता येत नाही. मोपाहून मडगावच सत्तरच्या आसपास किलोमीटर आहे, बाणावली त्याच्याही पुढे.

त्यात आमचं काम चालू असतानाच, 22 सप्टेंबर 2025 पासून, 7,500 रुपयांपर्यंतच्या खोलीवरचा जीएसटी 12 वरून 5 टक्क्यांवर आला, त्यावरच्या खोल्यांना 18 टक्के कायम राहिला. पुण्याच्या कंपनीची गोव्यात नोंदणी नसेल तर इथे भरलेल्या या कराची वजावट तिला मिळत नाही, त्यामुळे तिच्यासाठी हा फरक सरळ खिशातला. पावसाळ्यात खोली 7,500 च्या आत विकणं शक्य आहे. डिसेंबरच्या दरावर आखलेल्या महागड्या खोलीला ते झेपत नाही.

आणखी एक गोष्ट किनाऱ्यावरच्या लोकांना चांगली ठाऊक आहे: रात्रीचे दहा. ध्वनिप्रदूषण नियमांप्रमाणे रात्री दहानंतर उघड्यावर ध्वनिक्षेपक चालत नाही. किनाऱ्यावरच्या लॉनवर वरात रंगात येते आणि पोलिसांची जीप उभी राहते. नियमात बंद सभागृहाला मोकळीक आहे, आवाज हद्दीबाहेर ठरलेल्या मर्यादेपलीकडे गेला नाही तर. म्हणून आम्ही आराखड्यातलं लॉन काढलं आणि तो पैसा सभागृहाच्या भिंतींत घातला. विमानाचा आवाज आत येऊ नये म्हणून दुहेरी काच आणि जाड भिंत तशीही लागणारच होती. तीच भिंत आतला ढोल बाहेर जाऊ देत नाही. कासारवर्ण्यातल्या माणसाला आमच्याकडच्या लग्नाने जाग येऊ नये, हे आप्पांनी स्वतः लिहायला लावलं.

पावसाळ्याला एक अपवाद आहे: गणेश चतुर्थी. त्या दिवसांत गोव्यात सभागृह विकायचं नाही. गणपतीवर फळापानांची माटोळी बांधायला, नेवऱ्या तळायला प्रत्येक जण घरी जातो, जायलाच हवा. पुण्याच्या स्नेह्यांनी "शिफ्ट लावू" म्हटलं तेव्हा धाकट्या पुतण्याची बायको, म्हणजे घरची सून, पहिल्यांदा स्पष्ट बोलली. ती हॉटेल व्यवस्थापन शिकलेली आहे आणि कांदोळीचं हॉटेल प्रत्यक्षात तीच चालवते. "दादा, चतुर्थीला तुम्ही दुप्पट पगार दिलात तरी माझ्या स्वयंपाकघरात तुम्हाला पेडण्याचा एक माणूस दिसणार नाही. आणि दिसला तर मला वाईट वाटेल." ते दिवस वार्षिक वेळापत्रकात देखभालीसाठी लिहिले. पेडण्याच्या पुनवेचा, म्हणजे तिथल्या उत्सवाचाही दिवस लिहिला.

जमीन आपली नाही

या मुद्द्यावर बैठक सर्वांत जास्त तापली. विमानतळाची जमीन सरकारची. जीएमआर समूहाच्या कंपनीशी करार झाला नोव्हेंबर 2016 मध्ये, मुदत 40 वर्षांची. सरकारला द्यायचा महसुलातला वाटा 36.99 टक्के, याच बोलीवर काम मिळालं. एकूण सुमारे 2,300 एकरांपैकी 232 एकर व्यावसायिक विकासासाठी. पोटभाडेकरूचा हक्क मूळ कराराच्या पलीकडे आपोआप जात नाही. म्हणजे आज बांधायला घेतलं आणि तीन वर्षांत दार उघडलं तर हातात उरतात तीस वर्षांच्या आतबाहेर. त्यानंतर काय, ते करारातल्या मुदतवाढीच्या कलमावर.

आप्पा एवढंच म्हणाले: "म्हणजे आमी परतून कूळच मरे?" कूळ म्हणजे दुसऱ्याची जमीन कसणारा. गोव्यात हा शब्द हलका नाही. पोर्तुगीज गेल्यावर 1964 चा कूळ कायदा आला, मग मुंडकारांचा, म्हणजे दुसऱ्याच्या जमिनीत घर करून राहणाऱ्यांचा कायदा. त्यांच्या वडिलांनी भाटकाराच्या, म्हणजे जमीनमालकाच्या दारात उभं राहिल्याच्या आठवणी घरात अजून आहेत. मी त्यांना समजावलं ते असं: कूळ जमिनीला बांधलेलं होतं, आपण मुदतीला बांधलेले राहू. बांधकामाचा खर्च त्या मुदतीत फिटत असेल तरच सही करायची, इमारत नातवंडांसाठी म्हणून बांधायची नाही. बँकही हेच बघते. कर्ज भाडेपट्ट्याच्या शेवटाच्या बऱ्याच आधी फिटलं पाहिजे, असा तिचा पहिला प्रश्न असतो. ते किती पटलं मला माहीत नाही. पण 300 खोल्यांचा आग्रह त्या दिवसापासून त्यांनी सोडला.

उंची, दिवे, कचरा

विमानतळालगत बांधताना आकाशही आपलं नसतं. धावपट्टीभोवतीच्या चार किलोमीटरच्या पट्ट्यात साधारणपणे विमानतळाच्या पातळीपासून 45 मीटरची कमाल मर्यादा येते, धावपट्टीच्या अगदी कुशीत त्याहून कमी. त्यात लिफ्टची खोली, पाण्याची टाकी, वीजरोधक, मोबाईलचा खांब सगळं धरायचं. बांधकामाच्या क्रेनचीही परवानगी वेगळी. पाच मजल्यांत आमचं काम भागत होतं, म्हणून इथे फार अडलं नाही.

दिव्यांचं मात्र लग्नवाल्यांनी नीट समजून घ्यावं. आकाशात सोडलेला लेझर, उंच जाणारी आतषबाजी, कागदी कंदील हे उतरणाऱ्या वैमानिकाला थेट धोक्याचे आहेत. म्हापशाच्या कार्यालयात मुलाकडचे लोक फटाक्यांशिवाय ऐकत नाहीत. इथे भाडेपावतीवरच ठळक अक्षरांत बंदी छापायची, अनामत ठेवून घ्यायची, असं ठरलं. विमान नियमांप्रमाणे विमानतळाच्या दहा किलोमीटरच्या आत उघड्यावर कचरा टाकणं किंवा जनावर कापणं, म्हणजे घारी-कावळे जमतील असं काहीही, मना आहे. रोज 100 किलोंपेक्षा जास्त कचरा करणाऱ्याने ओला कचरा आपल्याच आवारात जिरवायचा, हा नियम वेगळा. सातशे पानांच्या जेवणानंतर उरलेलं अन्न, माशांची खवलं, कोंबडीची हाडं यांचं काय करायचं हे म्हापशाच्या कार्यालयात पालिकेच्या गाडीवर सोपवलेलं असतं. सड्यावर स्वयंपाकघराशेजारी बंद, थंड खोली आणि खतयंत्र लागेल. माझ्या अनुभवात ही खोली सगळ्यांत शेवटी आखली जाते आणि जागा कमी पडली की सगळ्यांत आधी कापली जाते. या वेळी आम्ही ती पहिल्या दिवशी काढली.

पुन्हा पाणी

आता त्या एका ओळीकडे. पंचतारांकित हॉटेलात माणशी रोज 320 लिटर पाणी धरायचं, असं आपल्याकडचं मानक आहे. उपाहारगृहाच्या प्रत्येक जागेला 70 लिटर. पहिल्या आराखड्याचा हिशेब: 600 पाहुणे गुणिले 320, म्हणजे 1 लाख 92 हजार. 3,000 पानं गुणिले 70, म्हणजे 2 लाख 10 हजार. मिळून रोजचे चार लाख लिटर. दहा हजार लिटरचा टँकर धरला तर चाळीस टँकर. त्याच दिवशी 54 बस. ही बेरीज करून झाल्यावर मी कागद टेबलाच्या मध्ये सरकवला आणि कुणी काही विचारायच्या आधी आप्पा म्हणाले, "आणि हे चाळीस खंयसून हाडतले?" कुठून आणणार?

पेडण्याच्या पाण्याची मदार तिळारीवर आहे. दोडामार्गातलं धरण, तिथून कालवा, चांदेलचा जलशुद्धीकरण प्रकल्प आणि तिथून नळ. कालव्याला भगदाड पडलं की तालुक्यात बायका कळशा घेऊन टँकरची वाट बघतात. अशा जागी एका हॉटेलाने रोज चार लाख लिटर मागायचे आणि आपल्याला गावाचा आशीर्वाद मिळेल असं मानायचं, हे मला मान्य नव्हतं आणि मी तसं लेखी दिलं. मोपाच्या बांधकामात पन्नास हजारांहून जास्त झाडं गेली. 29 मार्च 2019 रोजी सर्वोच्च न्यायालयाने याच विमानतळाची पर्यावरण मंजुरी थांबवली होती, कारण अर्जात भोवतालच्या संवेदनशील क्षेत्राची माहिती नीट दिली नव्हती. जानेवारी 2020 मध्ये जादा अटी घालून काम पुन्हा सुरू झालं. ज्या सड्याने एवढं सोसलं तिथे दुसऱ्यांदा कुणी 'उपलब्ध' असा शब्द लिहून मोकळं होऊ नये.

मग दुसरा आराखडा केला: 140 खोल्या, 700 खुर्च्यांचं सभागृह, तीन भागांत विभागता येणारं. पाणी: 280 पाहुण्यांना 89,600 आणि 700 पानांना 49,000, मिळून 1 लाख 39 हजारांच्या आत. आता छत मोजलं. साधारण 6,000 चौरस मीटर. गोव्यात वर्षाला सरासरी तीन मीटर पाऊस पडतो. शंभरातले 85 हाती लागले तर 1 कोटी 53 लाख लिटर. रोजच्या गरजेने भागलं तर 110 दिवस. पावसाळाही जवळजवळ तेवढाच. म्हणजे जून ते सप्टेंबर या हॉटेलाला छतावरचंच पाणी पुरेल, आणि ज्या महिन्यांत परिषदा आणायच्या आहेत ते हेच महिने. मला त्या संध्याकाळी फार समाधान वाटलं. व्यवहार्यतेच्या कामात दोन स्वतंत्र हिशेब एकमेकांना असे येऊन भेटतात तेव्हा जागा काहीतरी सांगत असते.

एप्रिल-मे मात्र उघडा पडतो. वापरलेलं पाणी शुद्ध करून संडास आणि वातानुकूलन यंत्रणेला द्यायचं, तेवढी बचत होते. वीस दिवसांचा साठा ठेवायचा तर 28 लाख लिटरची टाकी, जांभा फोडून. पुण्याच्या वास्तुविशारदाने खर्च बघून मान हलवली. आप्पांनी आराखड्यावर बोट ठेवलं: "हा पोहण्याचा तलाव काढा. विमानाला पळणारा माणूस पोहत नाही." तलाव गेला, त्याच खड्ड्याच्या जागी टाकी आली.

माणसं

विमानतळावरच्या नोकऱ्या आणि टॅक्सी यांवरून पेडण्यात किती वाद झाले ते गोव्यात राहणाऱ्याला सांगायला नको. जमिनी गेलेल्या घरातल्या मुलाला दाराशी रखवालदाराची नोकरी मिळावी आणि आतला शेफ बाहेरून यावा, यात अपमान आहे. इथेही आम्हाला पावसाळाच उपयोगी पडला. मे अखेरीला किनाऱ्यावरचे शॅक, म्हणजे हंगामी उपाहारगृहं, मोडतात. हरमल-मोरजीचे आचारी, वाढपी, भांडीवाले चार महिने रिकामे होतात. काही मुंबईला जातात, काही रापणीच्या मासेमारीवर. त्यांना जूनमध्ये बारा आठवड्यांचं प्रशिक्षण आणि पावसाळी काम द्यायचं, ऑक्टोबरला ज्याला शॅकवर परत जायचं त्याने जावं, असा सुनेचा प्रस्ताव. तिने एक अटही घातली, मुलाखत पेडण्यात घ्यायची आणि मराठी-कोकणीत घ्यायची. इंग्रजी अर्जात अडकून चांगला हात बाहेर राहतो, हे तिने कांदोळीत पाहिलं आहे.

बसचं काम पेडण्याच्या टॅक्सी-बसवाल्यांकडेच. 700 जणांच्या परिषदेत 280 आपल्याकडे राहिले तर उरलेल्या 420 साठी दहा बस लागतात. दहा बस या तालुक्यात आहेत.

20,000 चौरस मीटरच्या पुढच्या बांधकामाला पर्यावरण मंजुरीची स्वतंत्र प्रक्रिया लागते. आमचा दुसरा आराखडा त्याच्या बराच खाली आहे. तरीही सड्याखालच्या झऱ्यांची दोन पावसाळे मोजणी करायची, असं कुटुंबाने ठरवलं. मी सुचवलं होतं एकच.

सध्या कुठे आहोत

पुण्याच्या स्नेह्यांना दुसरा आराखडा लहान वाटला. मोठ्या सभागृहासाठी शेजारची जागा मोकळी ठेवायची, गटारं नि वीज त्या मापाची टाकायची, आणि पहिल्या पाच पावसाळ्यांत निम्मे दिवस सभागृह भरलं तरच तिकडे वळायचं, या बोलीवर ते थांबले. पाण्याच्या पुरवठ्याचं लेखी पत्र हातात येईपर्यंत भाडेपट्ट्यावर सही नाही, हा आप्पांचा शब्द.

तोवर धाकट्या पुतण्याने एक प्रयोग केला. चातुर्मासात म्हापशाचं कार्यालय रिकामंच असतं. चतुर्थी संपल्यावर, सप्टेंबर 2025 मध्ये, त्याने तिथे दोन दिवसांची एक वैद्यकीय परिषद घेतली. बाहेरून येणारे सगळे मोपाला उतरले. माटोळीच्या दोऱ्या अजून छताला होत्या, त्या तशाच ठेवल्या. खुर्च्या लग्नाच्याच, फक्त झालरी काढलेल्या. सुनेने विमानतळावर उभं राहून प्रत्येक बसची वेळ लिहिली: पहिली सकाळी 9.10 ला निघाली, म्हापशात 9.50. तिसरी धारगळला पावसात अडकली, 55 मिनिटं. किती पाणी वापरलं ते मीटरवर वाचून रोज रात्री तिने त्याच पानावर टिपलं. दुसऱ्या दिवशी दुपारी आप्पा स्वतः वाढायला उभे होते. एका पाहुण्याने भाज्यांचं खतखतं पुन्हा मागितलं, तेव्हा त्यांनी सुनेला हाक मारून वहीत तेही लिहायला सांगितलं.